त्याच्या दुकानातली तूरडाळ

पोरी, अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. डब्यांसाठी तू रविवार कारंज्यावरच्या ज्या दुकानातून किराणा भरतेस, त्या शेटचं व्हॉट्सॲप स्टेटस निवडणुकीपासून तुला बघवत नाही. मैत्रिणींचं म्हणणं, त्याच्याकडून माल घेणं म्हणजे त्याच्या पक्षाला वर्गणी देणं. फोनवर मी भाषण ठोकतो असं तूच म्हणतेस, म्हणून लिहितोय.

भद्रकालीत आमचा छापखाना होता, तेव्हा निवडणूक म्हणजे आमची दुसरी दिवाळी. प्रचारपत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७ क. छापून घेणाऱ्याकडून ओळखीच्या दोघांच्या साक्षीचं प्रतिज्ञापत्र घ्यायचं, पत्रकाची प्रत जिल्हाधिकारी कचेरीत धाडायची. थोडक्यात, आम्ही कोणाचं काम केलं ते लपत नसे. एका वर्षी दोन विरोधी उमेदवारांची पत्रकं एकाच दिवशी, एकाच मशीनवर काढली. दुपारी एक जुनं गिऱ्हाईक आलं. मुलीच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ टेबलावर तयार होतं, कुलदेवतेच्या नावातली एक वेलांटी तेवढी दुरुस्त करायची राहिली होती. त्यांचं लक्ष बाजूला वाळत ठेवलेल्या गठ्ठ्याकडे गेलं. एक पत्रक उचललं, चष्मा कपाळावर सरकवून तळाची बारीक अक्षरातली आमची ओळ वाचली, आणि प्रूफाची घडी घालून ते खिशात टाकलं. ‘दुसरीकडे बघतो,’ म्हणाले आणि गेले. दुसरा गठ्ठा, त्यांच्याच पक्षाचा, दाराआड होता. तो त्यांना दिसलाच नाही! पाचशे पत्रिकांचं काम गेलं. मी ते सोसलं, पण आमच्या बाइंडरची त्या आठवड्याची जादा कमाई बुडाली. तो कोणाला मत देतो, हे ना त्यांनी विचारलं होतं ना मी.

त्यांना तसं करायचा हक्क होता का? होता की. गिऱ्हाईक म्हणजे काही वेठबिगार नव्हे. तुलाही त्या शेटचं तोंड बघवत नसेल तर उद्यापासून दुसरं दुकान धर, कोणाला कारण सांगायला बांधील नाहीस. पण मैत्रिणींनी ‘यांच्याकडून काही घेऊ नका’ म्हणून दुकानांची जी यादी फिरवायला घेतली आहे, ती गोष्ट निराळी. तिथे मी अडतो.

बॉयकॉट हे मुळात एका माणसाचं आडनाव. १८८० साली आयर्लंडमध्ये कुळांनी जमीनदाराच्या या कारभाऱ्याशी सगळे व्यवहार तोडले. आपल्याकडे १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर टिळकांनी विलायती मालावर बहिष्कार पुकारला. दोन्हीकडे वार खालून वर होता. आता दुसरी बाजू बघ. आपल्याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला नेमलेल्या मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीचा अहवाल आला. आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गावचे जमीनमालक त्यांची कामं बंद करत, वहिवाटीचे रस्ते अडवत, गावचा वाणी जिन्नस देणं थांबवी, असं त्यात नोंदलं आहे. वाणी, लक्षात घे. दुकान हे हत्यार म्हणून वापरायची आपली रीत जुनी आहे, आणि तिच्याखाली बहुतेक वेळा गरीबच भरडला गेला. जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकू नयेत म्हणून राज्याला २०१६ साली वेगळा कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही.

मोठ्या कंपन्यांचं गणित वेगळं. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ ला पक्षांना नाव न उघड करता देणगी द्यायचे निवडणूक रोखे रद्द केले आणि देणगीदारांची यादी जाहीर झाली. ती वाचून कोणी साबण बदलला तर मी हसणार नाही. पण तुझा शेट पडला साडेतीन हमालांचा धनी. त्यातला अर्धा म्हणजे त्याचा भाचा.

मग दुकान कधीच सोडायचं नाही का? मी सोडलंय. छापखान्याजवळच्या एका हॉटेलात रोजचा चहा होता. एकदा झाडूवाल्या बाईंसाठी मालकाने फळीवरचा कानतुटका कप काढला. आमच्यासाठी काचेचे ग्लास, त्यांच्यासाठी तो कप, आणि तो धुवायचाही त्यांनीच. मालक पक्षाचा म्हणशील तर माझ्याच. त्याच्याच तोंडावर सांगितलं आणि पुन्हा पायरी चढलो नाही. छापखान्यातल्या पोरांना मात्र जाऊ नका म्हटलं नाही. त्यातल्या दोघांनी आपणहून सोडलं, बाकीचे जात राहिले.

तेव्हा शेटच्या स्टेटसमध्ये नेमकं काय असतं ते पुन्हा बघ. नेत्याचा फोटो, विरोधकांची टिंगल, शाखेच्या बैठकीची वेळ असेल तर म्यूट कर, तेवढी सोय त्या फोनमध्ये आहे. पण ‘अमक्या समाजाकडून माल घेऊ नका, अमक्यांना घर देऊ नका’ असलं काही असेल, तर त्याला राजकीय मत म्हणायची मला लाज वाटते. मग त्याच दिवशी उधारी चुकती कर आणि का जातेस ते त्याला समोर उभं राहून सांग.

एक तुझ्यापुरतंही. तुझे पस्तीस डबे सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जातात. उद्या त्यातल्या एकाने तुझं स्टेटस बघून डबा बंद केला तर तुला काय वाटेल? मला वाटतं तू दोन दिवस रडशील आणि तिसऱ्या दिवशी स्टेटस टाकणं कमी करशील. तेही मला आवडणार नाही.

आणि हो, मागे तू म्हणाली होतीस की त्याचा तूरडाळीचा कट्टा घरी मोजला तर वजनात कमी भरतो. त्याचं पुढे काय झालं, ते काही लिहिलं नाहीस. पुढचा कट्टा दुकानातच काट्यावर ठेवून घे, आणि किती भरला ते कळव.

तुझा काका