कूलंटमध्ये ऑइल आलं म्हणजे हेड गॅस्केटच गेलं का?

नाही. तुम्ही विचारलंय की कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीत ऑइल आलंय आणि मेकॅनिक हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील) गेलं म्हणतोय, तर गाडी दुरुस्त करू की विकू. टाकीतला तपकिरी लगदा बघितल्या बघितल्या "हेड उतरवावं लागेल" म्हणत ज्याने तुमच्या हातात एस्टिमेट ठेवलं, त्याने निदान केलेलं नाही, अंदाज केलाय. तुम्हीच लिहिलंय की गाडी डिझेल आहे, पांढरा धूर नाही, डिपस्टिक (इंजिन ऑइल मोजायची पट्टी) स्वच्छ आहे, पिकअप पूर्वीसारखा आहे. मग हेडवर संशय कशाच्या आधारावर? "दुरुस्त करू की विकू" हे नंतर बघू. आधी ऑइल येतंय कुठून ते सिद्ध होऊ दे.

आमच्या घरात यावरून मोठा वाद झालाय, म्हणून एवढं तावातावाने लिहितोय. गाडी बाबांची, डिझेलच. गोव्याहून चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो आणि टाकीत असाच लगदा दिसला. भावोजी म्हणाले, हेड गॅस्केट. मी म्हटलं, आधी ऑइल कूलर (कूलंटच्या पाण्याने इंजिन ऑइल थंड करणारा भाग) तपासू. कूलंटच्या झाकणाचा व्हॉल्व एक बारच्या आसपास सुटतो, तर चालत्या इंजिनात ऑइल त्याच्या दुप्पट-तिप्पट प्रेशरने फिरत असतं. कूलरच्या आतल्या पातळ पत्र्याला चीर गेली की ऑइल पाण्यात घुसतं, पाणी ऑइलमध्ये सहसा जात नाही. म्हणून डिपस्टिक स्वच्छ राहते. पण भावोजी वयाने मोठे, गाड्यांतलं त्यांना कळतं असा घरात समज, आणि बाबांनी जावयाचं ऐकलं. हेड उतरलं, फेसिंग (हेडची बाजू घासून सपाट करणं) झालं, नवं गॅस्केट बसलं. जुनं मी गॅरेजातून मागून आणलं होतं. त्यावर जळल्याची, फाटल्याची एकही खूण नव्हती. महिना व्हायच्या आत टाकीत पुन्हा तोच लगदा.

शेवटी डिचोलीचे एक जुने फिटर बोलावले. त्यांचं अर्धं आयुष्य खाणीच्या टिपरांवर गेलेलं. 2012 साली खाणी बंद झाल्यापासून अंगणातच बारीकसारीक कामं करतात. त्यांनी ऑइल फिल्टरच्या हाउसिंगजवळचा कूलर सोडवला, ऑइलच्या एका भोकाला बूच मारलं, दुसऱ्यातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कूलर बादलीत बुडवला. थंड पाण्यात काही दिसलं नाही. कढत पाणी ओतल्यावर कूलंटच्या भोकातून बुडबुडे सुरू झाले. पत्रा तापून फुगतो तेव्हाच अशी बारीक चीर उघडते. टिपरांच्या गॅरेजात हेडला हात सगळ्यात शेवटी लावतात, असं ते म्हणाले. ही तपासणी तुमच्या मेकॅनिकलाही जमेल, करायची इच्छा हवी.

हेडची शंका उरलीच तर ब्लॉक टेस्टर (कूलंटच्या टाकीच्या तोंडावर लावायची, आत निळं द्रव असलेली तपासणीची नळी) लावायला सांगा. कूलंटच्या वाफेत जळलेला वायू असेल तर त्यातलं निळं द्रव हिरवट-पिवळं होतं.

नवा कूलर बसवणं सोपं, साफसफाई जिवावर येते. भांड्यांचा नेहमीचा साबण अजिबात घालू नका. त्याचा फेस होतो, आत हवा अडकते आणि इंजिन तापतं. डिशवॉशर मशीनची पावडर घ्या, तिला फेस कमी. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा व्हॉल्व) काढून ठेवा, इंजिन गरम होऊ द्या, पाणी सोडा, पुन्हा भरा, स्वच्छ येईपर्यंत. या वेळी हीटर पूर्ण गरमवर असू दे. गोव्यात हीटर कोण लावतो? ज्या गाड्यांत हीटरच्या पाण्याला व्हॉल्व असतो तिथे ऑइल त्या कोपऱ्यात बसून राहतं आणि पावसाळ्यात घाटात काच धुरकट झाली म्हणून हीटर लावला की टाकीत परत येतं. मग लोक म्हणतात, नवा कूलरही गेला. ऑइल लागलेले रबरी होज फुगून मऊ पडतात, दाबून बघा आणि बदला, झाकणही बदला. शेवटची धुलाई बावीच्या (विहिरीच्या) पाण्याने नको, डिस्टिल्ड वॉटरने करा. थोडं पाणी ब्लॉकमध्ये राहतंच, त्यामुळे तयार मिसळलेलं कूलंट आणखी पातळ होतं. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेऊन प्रमाण जुळवा. इंजिन ऑइल आणि फिल्टरही त्याच दिवशी बदला.

हेही सांगायला हवं की ब्लॉक टेस्टरचा रंग बदलला नाही म्हणून गॅस्केट पूर्ण निर्दोष ठरत नाही. हेडकडे जाणारी ऑइलची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामध्ये ते फुटलं तर जळलेला वायू येत नाही, फक्त ऑइल येतं. कूलर कढत पाण्यात पास झाला तर मात्र हेड उतरवायला माझी हरकत नाही. ऑटोमॅटिक गिअरची गाडी असेल तर गिअरचं ऑइल रेडिएटरमधल्या कूलरमधून येऊ शकतं, तेव्हा लगदा गुलाबीसर दिसतो.

विकायचं म्हणाल, तर कूलर फुटका निघाल्यास विकू नका. एप्रिल 2020 पासून मारुतीनेही डिझेल बंद केलंय, तशी छोटी डिझेल गाडी आता सहज मिळणार नाही. हेडलाच तडा असेल तर विचार करा. तोवर गाडी चालवू नका, टो करून न्या.

भावोजी आजही चवथीला सगळ्यांसमोर सांगतात की हेडचं काम झालं म्हणून इंजिन टिकलं. हेडच्या कामानंतरही ऑइल येत होतं, कूलर बदलल्यावर थांबलं. तुमच्याही घरात असं ठामपणे सांगणारं कोणी असेल तर कूलर तपासताना त्यांना बादलीपाशी उभं करा, म्हणजे बुडबुडे त्यांनाही दिसतील.