चवथीची पत्री आणि आजीची औषधे

मस्कत

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चवथीच्या तयारीची हकिगत लिहून झाल्यावर शेवटी तू जो प्रश्न विचारला आहेस, त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखे नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे. पत्री निवडताना काका म्हणाले, की ही एकवीस झाडे औषधी आहेत म्हणूनच ती गणपतीला वाहण्याची चाल पडली. आजीने मात्र पत्री निवडून होताच तुला साबणाने हात धुवायला लावले आणि तोवर नेवऱ्यांच्या सारणाला हात लावू दिला नाही. झाड औषधी असेल तर त्याची भीती कशासाठी, आणि विषारी असेल तर ते देवाला का वाहायचे, असे तू विचारतेस.

काकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. पत्रीत तुळस, बेल, माका, आघाडा, डाळिंब आणि अर्जुन आहेत. परंतु त्याच यादीत धोत्रा, कण्हेर आणि रुईही आहेत, आणि ही तिन्ही झाडे विषारी आहेत. आपल्या देशात औषधांविषयीचे जे १९४५ सालचे नियम आहेत, त्यांत आयुर्वेदात वापरल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांची एक वेगळी अनुसूची आहे. तिच्यात बचनाग, काजरा, गुंज, बिब्बा आणि कळलावी यांच्याबरोबर धोत्रा, कण्हेर आणि रुईसुद्धा आहे. ही द्रव्ये पोटात घ्यायच्या औषधात असतील, तर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर छापावी लागते. म्हणजे झाड औषधीही असू शकते आणि विषारीही, हे आजी जाणते आणि कायदाही जाणतो. चरकसंहितेतही हेच सांगितले आहे, की तीव्र विषसुद्धा योग्य रीतीने योजले तर उत्तम औषध होते आणि औषधाची योजना चुकली तर तेच तीव्र विष ठरते.

देवाला पत्री वाहणे म्हणजे ती खाण्याची परवानगी देणे नव्हे. माटोळीचेच पाहा. आपल्याकडे गोव्यात गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फळाफुलांची जी माटोळी बांधतात, तिच्यात तोरिंग, निरफणस, आंबाडे आणि सुपारीची शिपटी यांच्या शेजारीच लालभडक कवंडळ लटकत असते, आणि ते कोणी खात नाही. रानात त्या ऋतूत जे जे उगवले, त्याची ओळख घरातल्या मुलांना दर वर्षी व्हावी, हा माटोळीचा मला दिसणारा मोठा लाभ आहे. ओळखीत खाण्याजोगे आणि न खाण्याजोगे दोन्ही येते. आजीने तुला हात धुवायला लावले, तो त्या शिक्षणाचाच भाग होता.

तुझ्या हातून गेलेली ती तीन पाने जरा जवळून पाहू. धोत्र्याच्या सर्व भागांत, विशेषतः बियांत, ॲट्रोपिन आणि त्याच्या जातीची द्रव्ये असतात. ती पोटात गेली की तोंडाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, नाडी धावू लागते आणि माणूस भ्रमिष्टासारखा बरळतो. गोव्यात १५३४ साली आलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने इथल्या औषधी द्रव्यांवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. पणजीत ज्याच्या नावाने बाग आहे, तोच हा गृहस्थ. त्याने त्या ग्रंथात घरच्या मोलकरणीला धोत्रा खाऊ घालून चोरी केल्याची हकिगत दिली आहे. तेच ॲट्रोपिन मी काम करते त्या रुग्णालयाच्या औषधालयात इंजेक्शनच्या रूपात असते, आणि कीटकनाशक पोटात गेलेल्या माणसाचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टर ते मोजून देतात. धोत्र्याच्या दोन झाडांतील, किंबहुना एकाच झाडाच्या दोन बोंडांतील ॲट्रोपिनचे प्रमाण सारखे नसते. म्हणून दम्यासाठी धोत्र्याच्या पानांचा धूर घेण्याची जुनी रीत आज कोणीही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कण्हेरीत हृदयाचे ठोके मंद आणि अनियमित करणारी द्रव्ये असतात. पान वाळले किंवा उकळले तरी ती नाहीशी होत नाहीत. पिवळ्या फुलांची कण्हेर, जी तुझ्या शाळेच्या वाटेवरच्या कुंपणात आहे, तिच्या बिया तर फारच घातक आहेत. रुईचा चीक पायात रुतलेला काटा वर यावा म्हणून लावतात. तो डोळ्यात गेला तर बुबुळाचा पारदर्शक पडदा सुजतो आणि दिसणे धूसर होते. सुरुवातीला कधीकधी दुखतही नाही, त्यामुळे माणूस गाफील राहतो. रुईचे पान खुडलेल्या हाताने डोळे चोळू नयेत, एवढे तू नक्की लक्षात ठेव.

याहून बारीक गोष्ट गुंजेची आहे. सोनार जिने सोने तोलत, ती लाल अंगाची आणि काळ्या टिकल्याची गुंज तू पाहिली आहेस. शहाण्णव गुंजांचा एक तोळा होत असे. त्या वेलीचा पाला चवीला गोड असतो आणि आवाज बसला की जुने गवई व कीर्तनकार तो विड्यातून खात. तिच्याच बीमध्ये मात्र ॲब्रिन नावाचे अत्यंत जहाल विष आहे. बी अखंड गिळली गेली तर तिच्या टणक सालीमुळे बहुधा ती तशीच बाहेर पडते, पण चावली किंवा भोक पाडून माळेत ओवलेली बी तोंडात गेली तर प्राणावर बेतू शकते. म्हणून ‘गुंज औषधी आहे का’ या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता भाग, कोणत्या रूपात, किती, कोणाला आणि कशासाठी, हे विचारल्याशिवाय झाडाचे नाव घेणे निरुपयोगी आहे. कळलावीचेही तसेच. श्रावणात कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, कडेला तिची लाल-पिवळी फुले दिसतात. तिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य संधिवाताच्या एका प्रकारावर गोळीच्या रूपात दिले जाते, आणि तिचा कंद रताळे समजून खाल्ल्यामुळे माणसे दगावली आहेत.

आजीच्या औषधांत ‘किती’ हा प्रश्न कसा सोडवलेला असतो, हे पाहायचे असेल तर तिच्या सहाणेकडे पाहा. बाळगुटी उगाळताना ती प्रत्येक काडीचे वळसे मोजते. हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग आणि हिरडा यांचे वळसे जास्त, जायफळाचा मात्र एकच, आणि तोही हलक्या हाताने. आपल्या कुळागरात जायफळाचे झाड असूनही तिने कधी त्याची पूड करून डब्यात ठेवली नाही, कारण जायफळ जास्त झाले तर गुंगी येते आणि माणूस बरळतो, हे तिला ठाऊक आहे. सहाणेवरचा वळसा हे तिचे मोजमाप आहे, आणि चिमूटभर पुडीपेक्षा ते अधिक काटेकोर आहे. तरीही आज तान्ह्या बाळाला गुटी द्यावी का, असे मला कोणी विचारले तर मी नको म्हणेन. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही. मध तर वर्ष पूर्ण होईपर्यंत चाटवायचाच नाही, कारण त्यातील जंतूंमुळे तान्ह्या मुलांना पक्षाघातासारखा आजार होऊ शकतो. गुटीतील वेखंडात बीटा-ॲसरोन नावाचे द्रव्य असते. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे दुष्परिणाम दिसल्यामुळे अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालण्यास मनाई आहे. मी हे आजीशी सविस्तर बोलले आहे. तिने ऐकून घेतले, आणि शेजारच्या बाळंतिणीला गुटीची जुडी द्यायची थांबवली, ही गोष्ट मला तिच्याविषयीचा आदर वाढवणारी वाटते.

आता गुळवेलीकडे येते, कारण करोनाच्या दिवसांत आपल्या आंब्यावरची गुळवेल लोक मागून नेत होते, असे तू लिहिले आहेस. तापानंतर अशक्तपणा आला की गुळवेलीचा काढा चार दिवस द्यायचा, अशी आजीची रीत होती. त्या वर्षी मात्र ठणठणीत माणसे रोज सकाळी महिनोन्‌महिने तो काढा पिऊ लागली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत यकृताला इजा झालेले असे सहा रुग्ण आढळले, ज्यांनी गुळवेल घेतली होती, आणि तेथील डॉक्टरांनी त्याविषयी २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात लिहिले. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली. गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्या कुळातील दुसरी वेल चुकून वापरली गेली असावी, असे त्यांचे म्हणणे होते. या वादात दोन गोष्टी दोन्ही बाजूंनी मान्य होण्यासारख्या आहेत: ओळख चुकली तरी धोका आहे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या शरीराविरुद्ध वळलेली आहे, त्यांनी ती आणखी चेतवणारे काहीही वैद्यांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आजीचा चार दिवसांचा काढा आणि रोजचा पेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हळदीच्या बाबतीतही हाच फरक करावा लागतो. नागपंचमीला पातोळ्या हळदीच्या पानात उकडल्या जातात, रोजच्या हुमणात हळद असते, आणि त्याने कोणाचे काही बिघडत नाही. इथे मात्र हळदीच्या अर्काच्या गोळ्या मिळतात. हळद अंगात नीट शोषली जात नाही म्हणून त्यांत काळ्या मिरीचे सत्त्व घातलेले असते. अशा गोळ्यांनी काही लोकांच्या यकृताला सूज आल्याच्या नोंदी अनेक देशांत झाल्या आहेत. एखादी वस्तू स्वयंपाकघरात निर्धोक आहे, म्हणून तिचा अर्कही निर्धोक असतो असे नाही.

हे वाचून आजीची सगळी औषधे धोक्याची आहेत, असा समज करून घेऊ नकोस. अंगावर पित्त उठले की भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, आमसुलांचे पाणी लावणे, टाचांच्या भेगांना भिरंडेल लावणे, सर्दीला तुळस-आल्याचा चहा देणे, या गोष्टी मीसुद्धा इथे करते. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्यावर संशोधन होऊनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन हे औषध तयार झाले, आणि ते आमच्या औषधालयातून रोज दिले जाते. सर्पगंधेचे उदाहरण तर मला अभिमानाचे वाटते. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली उच्च रक्तदाबावरील तिच्या गुणाविषयी लिहिल्यावर साऱ्या जगाचे लक्ष तिच्याकडे गेले, आणि १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. पण त्याच रेसर्पिनने काही रुग्णांना खोल उदासीनता येते, हेही पुढे नोंदले गेले. अडुळसा गर्भवतीला देत नाहीत, कारण त्याने गर्भाशय आकुंचन पावते. आजीला सर्पगंधेचा तो इतिहास ठाऊक नसेल, परंतु ‘पोटुशी बाईला अडुळसा नको’ हे वाक्य तू तिच्या तोंडून ऐकले असशील. औषध कोणाला द्यायचे नाही, हे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून औषध घेऊ नये.

तुझ्यासाठी माझे सांगणे थोडक्यात असे आहे. रानातले किंवा कुंपणातले काहीही चाखून पाहायचे नाही, मोबाइलवरच्या चित्राशी पान जुळले तरीही नाही. लहान भावंडांपैकी कोणी बी किंवा पान खाल्ले, तर मीठ-पाणी पाजून वांती करवण्यात वेळ घालवायचा नाही. तोंडात उरलेले काढून टाकायचे, १०८ वर फोन करायचा आणि त्या झाडाची फांदी व बी पिशवीत घालून बरोबर न्यायची. फोंड्याच्या रुग्णालयात किंवा बांबोळीला पोहोचल्यावर डॉक्टरांना ती फांदी पाहून उपचार लवकर ठरवता येतात.

शेवटी आजीविषयी. तिला रक्तदाबाच्या गोळ्या सुरू आहेत, आणि खोकल्यासाठी ती ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरते. ज्येष्ठमध रोज आणि फार झाले तर रक्तातील पोटॅशियम कमी होऊन रक्तदाब वाढतो, म्हणजे गोळी एका बाजूला ओढते आणि काडी दुसऱ्या बाजूला. सकाळी ती किराइताचे कडू पाणीही पिते. त्याने मात्र रक्तदाब आणि साखर उतरू शकते. मधुमेह नाही म्हणून मला त्याची फार काळजी वाटत नाही, पण डॉक्टरांना ते माहीत असायला हवे. ‘दुसरे काही औषध घेता का’ असे त्यांनी विचारले की ती ‘नाही’ म्हणते, कारण परसातले पान तिच्या लेखी औषध नसून घरचेच असते. पुढच्या महिन्यात तू तिच्याबरोबर तपासणीला जाशील, तेव्हा ज्येष्ठमध, किराईत आणि आणखी जे काही ती घेते ते कागदावर लिहून ने आणि तिच्यादेखत डॉक्टरांना वाचून दाखव. तिला राग येणार नाही. आदल्या रात्री तिच्याच शेजारी बसून ती यादी कर.

आजीस माझा नमस्कार सांग. काकांनाही हे पत्र वाचायला दे.

तुझी,
आई