कपात बुडबुडे येतायत म्हणून एअरब्रश थिनरमध्ये बुडवू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. एअरब्रशच्या, म्हणजे हवेच्या जोरावर बारीक रंग फवारणाऱ्या पेनासारख्या गनच्या, रंगाच्या कपात बुडबुडे येतायत, रंग सलग न येता थुंकल्यासारखा उडतोय, आणि कुणीतरी सांगितलंय की अख्खा ब्रश रात्रभर थिनरमध्ये टाका, सकाळी नव्यासारखा होईल. कृपा करून टाकू नका. मी २०१९ साली नेमकं हेच केलं होतं.

पेणला आमचा गणपतीचा छोटा कारखाना आहे. बॉडी कलर मोठ्या गनने होतो, पण गालावरची लाली, सोंडेच्या वळ्या, पितांबराच्या चुण्यांतली शेड हे सगळं ०.३ मिमी तोंडाच्या एअरब्रशवर. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रश थुंकायला लागला. घाई होती. संध्याकाळी स्टीलच्या पेल्यात एनसी थिनर (लॅकर पातळ करायचा जहाल थिनर) ओतला आणि ब्रश सुई-ट्रिगरसकट त्यात उभा करून घरी गेलो.

सकाळी ट्रिगर दाबला तो वर येईना. आतल्या रबरी ओ-रिंगा थिनर पिऊन फुगल्या होत्या, मागची तर सुईला आवळून बसली होती. नॉझलमधला, म्हणजे रंग बाहेर पडतो त्या पुढच्या बारीक तोंडातला, वाळका रंग निघाला नव्हता, मऊ होऊन आट्यांत शिरला होता आणि ब्रश बाहेर काढून ठेवल्यावर तिथेच पुन्हा घट्ट झाला. ब्रशबरोबर आलेला चिमुकला पाना निसटत होता, म्हणून मी पक्कड लावली. टक् एवढाच आवाज आला. नॉझलचं तोंड पकडीत आणि आट्यांचा तुकडा ब्रशच्या आत. तो नॉझल केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. ओ-रिंगा नंतर बदलता आल्या असत्या, पण त्या पकडीने सीझन घालवला.

ज्या दुकानातून ब्रश घेतला होता तिथे नेला. म्हणाले, नॉझल सुटा येत नाही, ब्रश ठेवून जा, बघतो. अकरा दिवस ठेवला आणि न उघडता परत दिला, वर नवा घ्या म्हणाले. शेजारच्या कारखान्यातल्या काकांनी त्यांचं काम आटोपल्यावर रात्री दहानंतर त्यांचा ब्रश वापरायला दिला, म्हणून चाळीस मूर्ती वेळेत गेल्या. सीझन संपल्यावर खोका आवरताना आतला कागद उघडून पाहिला, तर नॉझलचा पार्ट नंबर त्यावर छापलेला. सुटा मिळत होता! याचा राग माझा अजून गेलेला नाही. तो कागद जपून ठेवा, आणि सीझनच्या आधीच एक नॉझल, एक सुई आणि ओ-रिंगा आणून ठेवा.

आता तुमच्या बुडबुड्यांकडे येतो. मी मिस्त्री नाही, आणि तुमचा ब्रश कुठला ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अनुभव आटेवाल्या नॉझलचा आहे. नुसता दाबून बसवायचा नॉझल असेल तर थोडा फरक पडेल. बुडबुडे म्हणजे पुढे जायची हवा उलटी रंगाच्या वाटेत शिरतेय. बहुतेक वेळा एक तर नॉझल नीट बसलेला नसतो, नाही तर त्याचं तोंड चिरलेलं असतं. सुई पुढे ढकलताना जोर लावला की ते चिरतं. सुई टेकली की थांबायचं, दाबायची नाही. घड्याळजीकडे असते तसल्या भिंगातून तोंड बघा, चीर केसाएवढी असते. चीर नसेल तर आट्यांना किंचित मधमाशीचं मेण लावून बोटांनी बसवा आणि पान्याने अगदी हलका पीळ द्या.

थिनर वापरायचाच तर नॉझल, सुई, पुढची टोपी एवढे नुसते धातूचे भाग काढून, रबर बाजूला ठेवून, थोडा वेळ भिजवा. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड नको, त्याने आतलं पितळ खराब होतं.

रोज अख्खा ब्रश खोलायचा सल्लाही मला पटत नाही. जितक्या वेळा खोलाल तितक्या वेळा सुईचं टोक वाकायची भीती. मी प्रत्येक रंगानंतर स्वच्छ पाणी येईपर्यंत उडवतो. दिवसअखेर कप धुऊन झाल्यावरच सुई मागे ओढतो, कारण रंग असताना ओढली की तो मागच्या पॅकिंगमध्ये, म्हणजे सुईभोवतीच्या रिंगेत जातो. सुई पुसताना फडकं मागून टोकाकडे, फिरवत न्यायचं. कापसाचे तंतू टोकाला अडकले तर टोक वाकलंय समजा. नॉझल आठवड्यातून एकदाच काढतो. मोती कलर, म्हणजे चमकीचे कण असलेला रंग, मात्र जुन्या नायलॉन मोज्यातून गाळल्याशिवाय कपात ओतत नाही.

आणखी एक, कोकणातल्या पावसाळ्यात थुंकणं दर वेळी रंगाचंच असतं असं नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचतं आणि पाइपमधून थेट मूर्तीवर येतं. पिवळ्या पितांबरावर त्याचे डाग लपत नाहीत. हवा सोडून झाल्यावर टाकीखालचा कॉक रोज उघडा, आणि हवेतलं पाणी अडवणारा ट्रॅप पाइपवर ब्रशच्या जवळ लावा.

आज एवढंच करा. कपात नुसतं पाणी घाला, ट्रिगर मागे न ओढता फक्त खाली दाबा. तेव्हाही बुडबुडे आले तर नॉझलच्या तोंडाचा जवळून फोटो टाका, मी रात्री बघतो.