सोव्हिएत रशियाच्या लाल सेनेत कमिसार, म्हणजे पक्षाने नेमलेला राजकीय अधिकारी, मोठा की सेनापती? कमिसार खरेच पिस्तूल घेऊन मागे उभा असायचा का?

पिस्तुलाचे आधी मिटवतो, कारण सिनेमा बघून आलेला प्रत्येक जण तिथेच अडकतो. पळणाऱ्यांना अडवायला वेगळ्या तुकड्या होत्या. जुलै १९४२च्या २२७ क्रमांकाच्या हुकमात त्यांची तजवीज स्पष्ट लिहिली आहे. फितुरी हुडकायला एनकेव्हीडीचा, म्हणजे गुप्त पोलिसांचा, विशेष विभाग होता. कमिसार त्या खात्याचा माणूसच नव्हे. कंपनी या छोट्या तुकडीतल्या राजकीय अधिकाऱ्याचा, म्हणजे पोलितरूकचा, दिवस वर्तमानपत्र वाचून दाखवणे, तंबाखू आणि गरम जेवण आले का ते बघणे, पक्षप्रवेशाचे अर्ज घेणे आणि आपल्या वेगळ्या वाटेने वर अहवाल धाडणे यात जायचा. हल्ल्याच्या वेळी खंदकातून आधी त्याने उठावे, अशी अपेक्षा असे.

आता मोठा कोण. झारचे जुने अधिकारी लाल सेनेत घ्यायचे होते, पण त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून एप्रिल १९१८मध्ये युद्धखात्याचा प्रमुख ट्रॉट्स्की याने कमिसारांचे काम ठरवून दिले. हुकूम सेनापतीचा, सोबत सही कमिसारची. सहीशिवाय हुकूम ग्राह्य नाही. पण सहीचा अर्थ एवढाच, की यात क्रांतीविरुद्ध डाव नाही. लढाईच्या दृष्टीने हुकूम चुकला तर जबाबदार सेनापती. कमिसारला तो पटला नाही तरी अडवायचा नाही, फक्त वरच्या लष्करी परिषदेला कळवायचे.

कागदावर झकास! १९२५पासून ट्रॉट्स्कीच्या जागी आलेल्या फ्रुन्झेने एकहाती नेतृत्व, म्हणजे सेनापतीच सर्वेसर्वा, आणायला सुरुवात केली. १९३७च्या धरपकडीत कमिसार परत आले, फिनलंडच्या लढाईनंतर १९४०मध्ये गेले, जर्मन घुसल्यावर जुलै १९४१मध्ये पुन्हा आले.

एका म्यानात दोन तलवारी ठेवल्या की काय होते, ते केर्चला बघा. क्रिमियाच्या आघाडीचा सेनापती कोझलोव्ह, आणि त्याच्या डोक्यावर मॉस्कोहून आलेला मेखलिस, सगळ्या सेनेच्या राजकीय खात्याचा प्रमुख. चिंचोळ्या द्वीपकल्पावर तीन सेना पुढे दाटीवाटीने कोंबलेल्या, कारण विचार फक्त चढाईचा. मागे खोलवर बचावफळी जवळजवळ नाहीच. बरेचसे बळ उत्तरेला. ८ मे १९४२ला जर्मन सेनापती मानश्टाइनने दक्षिणेकडून फोडले आणि वळसा घेऊन उत्तरेकडच्यांच्या पाठीवर आला. मेखलिसने त्याच दिवशी स्टालिनला तार केली, कोझलोव्हच्या तक्रारीची. उत्तर आले की तुम्ही तिऱ्हाइतासारखे बघत बसला आहात, आणि बदली द्यायला आमच्याकडे हिंडेनबर्ग (पहिल्या महायुद्धातला नामांकित जर्मन सेनापती) शिल्लक नाहीत. आठवड्यात केर्च गेले. दीड लाखांहून अधिक माणसे गमावली. मेखलिसची पदावनती झाली, कोझलोव्हचीही. ऑक्टोबर १९४२मध्ये कमिसारपद रद्द झाले, उरला तो सेनापतीच्या हाताखालचा राजकीय उपप्रमुख. 'कमिसारांमुळे लाल सेना जिंकली' म्हणणाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी: स्टालिनग्राडचा प्रतिहल्ला त्यानंतरचा, नोव्हेंबरचा.

हां, सगळेच मेखलिस नव्हते. पकडलेल्या कमिसारांना सरळ गोळी घालण्याचा हुकूम जर्मनांनी ६ जून १९४१लाच, हल्ल्याआधी, काढला होता. हे माहीत असूनही कित्येक जण पुढेच राहिले.

तुम्ही फक्त लाल सेनेचे विचारलेत, पण चिनी सेनेत हे दुहेरीपण आजही आहे. तिथे रेजिमेंटचा प्रमुख आणि राजकीय कमिसार बरोबरीचे, आणि मोठे निर्णय पक्षसमितीचे. तातडी असेल तर आधी हुकूम, मग समितीला हिशेब. ते लढाईत किती टिकेल, यावर मी पैज लावणार नाही.