'जैवसंवेदक' आणि 'लवकर निदान'

प्रश्न असा आहे: 'ऑप्टिकल बायोसेन्सर'ला 'दृक्-जैवसंवेदक' म्हणावे की 'प्रकाशीय जैवसंवेदक'? आणि या साधनांनी कर्करोगाचे 'लवकर निदान' होते, असे लिहिलेले चालेल का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. 'दृक्' हा शब्द पाहण्याशी बांधलेला आहे. 'दृक्-श्राव्य' म्हटले की डोळा आलाच. इथे मोजला जातो तो प्रकाश, म्हणून 'प्रकाशीय'.

'जैव'पाशी मात्र जरा थांबायला हवे. शरीरातले काहीही मोजतो तो जैवसंवेदक, असा समज सर्रास दिसतो. खरे तर ते 'जैव' साधनाच्या पोटातले आहे: विकर (एन्झाइम), प्रतिपिंड (अँटिबॉडी), डीएनएचा तुकडा असा एखादा जैविक घटक त्यात बसवलेला असतो आणि हवा तो रेणू तोच हेरतो. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्रकाशावर चालतो, पण त्यात असा घटक नसतो. तो प्रकाशीय खरा, जैवसंवेदक नव्हे. उलट साखर तपासायच्या पट्टीवर विकर असते, म्हणून ती जैवसंवेदक. पण हल्लीच्या बहुतेक पट्ट्या विद्युतप्रवाह मोजतात, म्हणून त्या प्रकाशीय नव्हेत.

दोन्ही विशेषणे शोभतील असे साधन म्हणजे काचेच्या लोलकावर (प्रिझमवर) चढवलेला सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर आणि त्यावर प्रतिपिंडे. लोलकातून सोडलेला प्रकाश एका ठरावीक कोनात सोन्यातल्या इलेक्ट्रॉनांना आपली ऊर्जा देऊन टाकतो आणि परावर्तित प्रकाश एकदम मंदावतो. रक्तातले प्रथिन प्रतिपिंडाला चिकटले की पृष्ठभागालगतचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो याचे माप, किंचित बदलतो आणि तो कोन सरकतो. किती सरकला, ते मोजायचे. लिडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम या स्वीडनमधल्या संशोधकांनी १९८३ मध्ये ही युक्ती जैवसंवेदनासाठी वापरून दाखवली.

आता 'लवकर निदान'. यातले दोन्ही शब्द मला खटकतात. 'लवकर' म्हणजे झटपट की रोग सुरुवातीच्या टप्प्यात असताना? बातम्यांत दोन्ही अर्थांची खिचडी होते. दहा मिनिटांत उत्तर देणारी चाचणीही रोग बळावल्यावरच तो पकडत असेल, तर तिला या अर्थाने 'लवकर' म्हणता येणार नाही.

'निदान' तर त्याहून जड शब्द. आयुर्वेदाच्या निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखण्याच्या पाच साधनांत, त्याचा अर्थ रोगाचे कारण असा आहे. मराठीत तो रोग निश्चित करण्यासाठी रुळला, आणि त्यात निश्चितपणा गृहीत आहे. संवेदक सांगतो ते एवढेच, की अमुक प्रथिन वाढले आहे. पुरःस्थ (प्रोस्टेट) ग्रंथीच्या कर्करोगासाठी तपासले जाणारे पीएसए हे प्रथिन, ग्रंथी नुसती वाढली किंवा तिला संसर्ग झाला तरी चढते. अंडाशयाच्या कर्करोगाशी जोडलेले सीए-१२५ हे प्रथिन मासिक पाळीतही वाढू शकते. निदान होते ते बायोप्सीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्यावर. त्याच पंचकातला 'पूर्वरूप', म्हणजे रोगाची आधीची चाहूल, हा शब्द मोहात पाडतो, पण पूर्वरूपात काही लक्षणे तरी जाणवतात. इथे माणसाला काहीच जाणवत नसते.

आपल्याकडे 'सुगावा' हा चांगला शब्द पडून आहे. सुगावा लागला म्हणजे चोर सापडला असे कोणी समजत नाही. मी लिहीन: 'कर्करोगाचा सुरुवातीलाच सुगावा देणारे प्रकाशीय जैवसंवेदक'. शोधनिबंधाला 'सुगावा' फार घरगुती वाटला तर 'प्राथमिक अवस्थेतील शोध' चालेल.