वनरक्षकाला पोलिसासारखे अधिकार असतात का? फिरण्याची आवड आहे म्हणून ही नोकरी करावी का?

तुम्ही लिहिलंय की बारावी झाली आहे, ट्रेकिंगचं वेड आहे, जंगल आणि समुद्रकिनारा फिरायला मिळेल आणि वर वर्दीही मिळेल म्हणून वनरक्षकाची भरती द्यायचा विचार आहे. मी या खात्यात १४ वर्षं आहे. पहिली आठ घाटमाथ्यावर, पुढची कोकण किनाऱ्याला. त्यामुळे दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी अधिकारांचं. हो, अटक करता येते. भारतीय वन अधिनियम १९२७ चं कलम ६४ वाचा. ज्या वनगुन्ह्याला महिनाभर किंवा त्याहून जास्त कैद आहे, त्यात वाजवी संशय असेल तर वॉरंटशिवाय माणूस ताब्यात घेता येतो. कलम ५२ खाली कुऱ्हाडीपासून ट्रकपर्यंत आणि होडीपर्यंत मुद्देमाल जप्त करता येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम ५० तर गमतीशीर आहे. त्याखालची झडती आणि अटक पोलिसांत फौजदाराच्या खालच्या माणसाला करता येत नाही, पण वन खात्यात ‘कोणताही वन अधिकारी’ असा शब्द आहे, म्हणजे काठी घेतलेला वनरक्षकसुद्धा त्यात आला. पोलिसांची एफआयआर असते तसा आमचा पीओआर, म्हणजे प्रथम गुन्हा रिपोर्ट. आरोपी २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभा करायचा, हे आम्हालाही तितकंच लागू. आणखी एक फरक आहे. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण वन्यजीवाच्या गुन्ह्यात, शासनाने अधिकार दिलेले असतील तर, सहायक वनसंरक्षक साहेबांनी आरोपीसमोर नोंदवलेला पुरावा चालतो.

हे सगळं पुस्तकात आहे, परीक्षेतही विचारतात. आता रात्री दोन वाजता ते कसं दिसतं ते सांगतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. मी आणि एक वनमजूर, दोघंच. ओढ्याकाठी बॅटरीचा उजेड दिसला म्हणून दबा धरून बसलो. दोन माणसं भेकर मारून सोलत होती. एक पळाला, एक धरला, पळालेल्यालाही मी ओळखलं होतं, कारण तो खालच्याच वाडीतला. मटण, सुरा, फासा, सगळं जप्त. सकाळी आरएफओ, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी साहेबांनी पाठ थोपटली. मला वाटलं, झालं काम.

कोर्टात उभं राहायला काही वर्षं गेली. तोवर माझी बदली झाली होती, रजा टाकून साक्षीला गेलो. बचावाच्या वकिलांनी आवाजही चढवला नाही. विचारलं, पळालेला माणूस किती फुटांवर होता? चांदणं होतं का? बॅटरी कोणाच्या हातात होती? हे पंचनाम्यात कुठं आहे? कुठंच नव्हतं. मी फक्त ‘सदर इसमास ओळखले’ एवढं लिहिलं होतं. पंच दोन्ही आमच्याच खात्याचे मजूर. मटणाच्या नमुन्यावर सील होतं, पण ते कुठं आणि कोणासमोर लावलं, ते लिहिलेलं नव्हतं. दोघंही सुटले. बाहेर टपरीवर त्यातलाच एक मला म्हणाला, ‘साहेब, चहा घ्या, लांबून आलात.’ त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. चहा घेतला.

तेव्हापासून खिशात टेप आणि वही ठेवतो. झाडापासून फाशाचं अंतर, फाशाच्या गाठीची उंची, उजेड कशाचा, कोण कुठं उभं होतं, किती वाजता सील केलं. गावातले पंच मिळत नाहीत, कोणाला शेजाऱ्याशी वैर घ्यायचं नसतं. मग तासभर गोड बोलून पोलीस पाटलांच्या मदतीने मिळवावे लागतात. तुम्हाला वर्दीचं आकर्षण असेल तर हे आधी विचारात घ्या: तुमचं मराठी लिहिणं कसं आहे? खरंच विचारतोय. पळणारे पुष्कळ येतात, जागेवर बसून चार पानं नीट लिहिणारा शंभरात एखादा.

फिरण्याचं म्हणाल तर फिरणं भरपूर. पण ट्रेकरचं फिरणं आणि गस्त यात फरक आहे. ट्रेकर नवी वाट शोधतो, आम्ही तीच वाट शंभराव्यांदा चालतो आणि काल नसलेलं आज काय आहे ते बघतो. जनावरांच्या पाऊलवाटेवर दोन्ही बाजूंनी काटक्यांची आडवण घातलेली आणि मधे वीतभर मोकळी जागा सोडलेली दिसली की थांबायचं. त्या जागेत गाडीच्या क्लच वायरचा फासा असतो. लावलेला असतो रानडुकरासाठी, त्यात बिबट्याही अडकतो. ताजं तोडलेल्या झाडाचं थुट पांढरं दिसतं, पावसाळे गेले की काळं पडतं, आणि नवं थुट काळं दिसावं म्हणून चिखल फासणारेही भेटतात. आता मोबाईल अ‍ॅपवर गस्तीची रेघ उमटते, त्यामुळे साहेबांना किती किलोमीटर झालं ते कळतं. काय बघितलं ते त्या रेघेवरून कळत नाही.

उन्हाळ्यात सगळं सोडून वणवा. होळीच्या आधीच जाळरेषा काढून ठेवायच्या, म्हणजे गवताचे पट्टे कापून आणि जाळून मोकळे करायचे. उपग्रहाला आग दिसली की भारतीय वन सर्वेक्षणाकडून मोबाईलवर मेसेज येतो. पण तो यायला वेळ जातो आणि ठिपका डोंगराच्या नेमक्या कुठल्या अंगाला ते जाऊनच कळतं. हातात ओल्या डहाळ्या नाहीतर ब्लोअर. चढाच्या बाजूने आग माणसापेक्षा वेगाने धावते, एवढं पहिल्याच दिवशी डोक्यात कोरून घ्या.

किनाऱ्यावर बदली झाली तेव्हा घरचे म्हणाले, आता आराम. मलाही तसंच वाटलं होतं. कोकणात ऑलिव्ह रिडले कासवं साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालायला येतात. २००२ मध्ये चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने वेळासला गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे काम सुरू केलं, खातं त्यात नंतर उतरलं. पहाटे तीन-चारला वाळूवरून चालत जायचं. ट्रॅक्टरच्या टायरसारखा माग दिसला की घरटं जवळच असतं. शंभर-सव्वाशे अंडी निघतात. ती काही तासांतच कुंपणातल्या हॅचरीत, म्हणजे अंडी जपून उबवायच्या जागेत, हलवावी लागतात, कारण एकदा गर्भ कवचाला चिकटला की अंडं फिरवलं तरी पिल्लू मरतं. उशीर झाला तर कुत्री आणि कोल्हे आपल्या आधी पोचलेले असतात. वाळू किती तापते त्यावर पिल्लं नर होणार की माद्या ते ठरतं, म्हणून हॅचरीत थर्मामीटर खुपसून ठेवतो. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक कासव २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालायला आलं. त्या बातमीनंतर आमच्यातले जुने लोकही टॅगचे आकडे दोनदोनदा तपासायला लागले.

आता किनाऱ्यावर अधिकार किती, हा तुमच्या प्रश्नातला खरा भाग. समुद्राच्या भरतीच्या रेषेखालची वाळू काही राखीव वन नाही. तिथं वन अधिनियम लावता येत नाही. शनिवारी रात्री कोणी जीप वाळूवर घातली आणि मी अडवलं, की पहिला प्रश्न असतो, ‘तुम्ही पोलीस आहात का?’ नाही. नुसती गाडी चालवली म्हणून मी काही करू शकत नाही, पोलीस ठाण्याला फोन लावतो. पण तीच जीप घरट्यावरून गेली तर विषय बदलतो. हे कासव वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी आणि घरटी खराब करणंही येतं. शिक्षा तीन ते सात वर्षं. हे शांतपणे सांगितलं की बहुतेक जण गाडी मागे घेतात. न घेणाऱ्यांसाठी टेप आणि वही आहेच.

ट्रेकरांबद्दल थोडंच लिहितो, कारण तुम्ही स्वतः ट्रेकर आहात, राग येईल. रात्री शेकोटी, गडावर आग्या मोहोळाखाली धूर आणि अंगावर अत्तर, धुक्यात वाट सोडून रील. हरवलेल्याने एका जागी बसून राहावं, तर तो मोबाईलची रेंज शोधत दरीकडे उतरतो, आणि मग आम्ही दोर घेऊन उतरतो. जून २०२४ मध्ये भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर लोकांना परत पाठवताना माझा आवाज चढतो. तक्रार झाली तरी चालेल.

भीती वाटते का, असंही विचारलंय. वाटते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेच्या खुणा शोधत पायी चालणारी एक वनरक्षक ताई वाघिणीच्या हल्ल्यात गेली. आमच्या सगळ्या ग्रुपवर त्या दिवशी कोणी काही लिहिलं नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला जनावरापेक्षा अंधारात समोरून येणारा ओळखीचा माणूस जास्त अवघड वाटतो. त्याची पोरगी आमच्या पोरीच्या वर्गात असते.

पगार सरकारी आहे, वेळेवर होतो. सुट्टी सणाला मिळत नाही, विशेषतः होळीला. क्वार्टर मिळालं तर छप्पर बघून घ्या.

भरती द्यायचीच असेल तर धावण्याइतकीच चालण्याची तयारी करा. पुरुषांना २५ किलोमीटर आणि महिलांना १६ किलोमीटर, चार तासांत चालायचं असतं. पोरं धावायचा सराव करतात आणि चालण्यात गळतात, कारण त्या गतीने चालताना नडगी भरून येते. रोज सकाळी डांबरावर नको, मातीवर चाला. आणि परीक्षेसाठी नवे बूट घेऊ नका. माझ्या पुढे चालणाऱ्या मुलाने अठराव्या किलोमीटरला बूट काढून हातात घेतले आणि उरलेलं अंतर मोज्यांवर काढलं. निवड झाली त्याची. आज शेजारच्या रेंजला (वनपरिक्षेत्रात) वनपाल, म्हणजे वनरक्षकाच्या वरच्या हुद्द्यावर आहे, अजूनही डाव्या टाचेला बोट लावू देत नाही.