टाकीवरचा दिवा रात्रभर चालू ठेवला तर माशांचं कॅल्शियम बिघडतं का?

फोंड्याच्या घरी गोल्डफिशच्या टाकीवर तुम्ही रात्रंदिवस दिवा ठेवता, आणि त्याने माशांच्या कॅल्शियमवर परिणाम होईल का असं विचारता. होतो, पण आडवळणाने. कॉलेजात बरीच वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, त्यातला हा माझा फार आवडता भाग.

आधी कॅल्शियमचं बघू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात ते सुमारे 400 मिलिग्रॅम असतं, माशाच्या रक्तात त्याहून बरंच कमी. म्हणून समुद्री माशाला ते मिळवण्यापेक्षा आवरायची काळजी जास्त. कॅल्शियम सांभाळणाऱ्या, आपल्यासारख्या वेगळ्या पॅराथायरॉईड ग्रंथी त्याला नसतात. मूत्रपिंडाला चिकटलेल्या, जर्मन शरीरशास्त्रज्ञ स्टॅनियसने 1839 मध्ये वर्णन केलेल्या इवल्याशा ग्रंथी स्टॅनियोकॅल्सिन हे संप्रेरक (हॉर्मोन) सोडतात आणि कल्ल्यांतून आत येणारं कॅल्शियम रोखतात. प्रोलॅक्टिन हे दुसरं संप्रेरक उलट ते वाढवतं. पावसात मांडवी नदीचं पाणी गोडं होतं, तरी शेवटा हा खाडीतला मासा तिथे तग धरतो तो अशाच यंत्रणेच्या बळावर.

आता उजेड. माशाच्या मेंदूवरची पिनियल ग्रंथी उजेड स्वतः ओळखते आणि काळोखात मेलाटोनिन हे संप्रेरक सोडते. दिवा असला की ते दबतं. जपानमध्ये गोल्डफिशच्या खवल्यांवर प्रयोग झाले. मेलाटोनिनने हाड घडवणाऱ्या आणि हाड झिजवणाऱ्या, दोन्ही पेशी मंदावल्या. खवला म्हणजे माशाची कॅल्शियमची साठवणच, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

शिवाय दिवसाची लांबी मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीमार्फत प्रजननालाही हलवते. मादीत इस्ट्रोजेन वाढलं की यकृत बलकाचं प्रथिन बनवतं, ते कॅल्शियम धरून ठेवतं, आणि रक्तातलं एकूण कॅल्शियम कितीतरी वाढतं. मोकळं कॅल्शियम मात्र जवळपास तेवढंच राहतं. गाबोळी भरलेल्या मादीचं रक्त तपासून तिला आजारी ठरवू नये, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगायचो.

गोव्यात सगळ्यात मोठा दिवस साधारण 13 तासांचा, लहान सव्वाअकरा. तेव्हा तुमच्या माशांना रोज निदान 11-12 तास पूर्ण काळोख द्या. साधा टायमर पुरे. आणि विहिरीचं पाणी घालत असाल तर त्याचा कठीणपणा तपासा. जांभ्यातून झिरपलेलं पाणी बहुधा मऊ असतं, म्हणजे कल्ल्यांना घ्यायला कॅल्शियमच कमी. शिंपल्यांचा थोडा चुरा गाळणीत ठेवलात तर हळूहळू फरक पडेल.